एका बोटाचा खेळ आणि शंभर वेळा हार: साधे पण अवघड गेम लोक पुन्हा पुन्हा का खेळतात?

नियम एका ओळीत सांगून होतो, खेळायला एक बोट पुरतं आणि पहिला डाव पाच सेकंदांत संपतो. तरीही फोन खाली ठेवला जात नाही. 'फ्लॅपी बर्ड', 'सुपर हेक्सागॉन', क्रोम ब्राउझरमधला डायनासोर, जुन्या नोकियातला साप किंवा 'टेट्रिस', या सगळ्यांचा स्वभाव असाच. त्यात गोष्ट नाही, रोख बक्षीस नाही आणि बहुतेकांना शेवटही नाही. मग खेळणाऱ्याला ओढ कशाची लागते? साताऱ्याच्या धनुर्धर मुलीला किंवा सांगलीच्या वेटलिफ्टरला जी ओढ मैदानावर नेते, तिच्याशी याचं काही नातं आहे का? आणि जुगाराचं मशीन हीच ओढ स्वतःच्या फायद्यासाठी कशी वापरतं?

हे गेम नेमके कोणते?

नाणं टाकून मशीनवर खेळायच्या खेळांना आर्केड गेम म्हणतात. महाराष्ट्रातल्या छोट्या शहरांत ते व्हिडिओ गेम पार्लरमधून आणि जत्रेतल्या स्टॉलमधून पोहोचले. त्यानंतर आले हातात मावणारे, सेलवर चालणारे 'ब्रिक गेम'. डब्यावर '९९९९ इन वन' लिहिलेलं असायचं, पण आत बहुतेक करून टेट्रिसचे ठोकळे आणि त्यांचीच भावंडं निघायची. पुढे मोबाईल आला आणि साप घरोघरी पोहोचला. तानेली आरमांटो या इंजिनिअरने तो १९९७ मध्ये नोकिया ६११० या फोनसाठी तयार केला होता.

या खेळांमध्ये तीन गोष्टी समान असतात. चित्रं आणि बटणं कमीत कमी. नियम बघताक्षणी कळणारा. आणि चूक केली की डाव तिथेच खलास. दुसरं आयुष्य नाही, सवलत नाही.

'सुपर हेक्सागॉन' हे याचं टोकाचं उदाहरण. टेरी कॅव्हना यांनी २०१२ मध्ये बनवलेल्या या गेममध्ये एका छोट्या त्रिकोणाला डावीकडे-उजवीकडे फिरवत चालून येणाऱ्या भिंतींच्या फटीतून निसटायचं असतं. यातल्या सगळ्यात सोप्या पातळीचं नावच 'अवघड' असं आहे. त्यापुढची 'आणखी अवघड' आणि तिच्यापुढची 'सगळ्यात अवघड'. एक पातळी पार करायला फक्त ६० सेकंद तग धरावा लागतो. नवख्याला सुरुवातीला दहा सेकंदही निघत नाहीत.

क्रोममधला डायनासोर तर इंटरनेट गेलं की समोर येतो. घाटात रेंज गेली, रिचार्ज संपला, की पडद्यावर निवडुंगांवरून उड्या मारणारा हा प्राणी हजर. २०१४ मध्ये तो ब्राउझरमध्ये आला. २०१८ मध्ये गुगलने सांगितलं, की महिन्याला सुमारे २७ कोटी डाव खेळले जातात आणि खेळणारे जास्त करून भारत, ब्राझील, मेक्सिको, इंडोनेशियासारख्या, जिथे मोबाईल डेटा महाग किंवा बेभरवशाचा आहे अशा देशांतले आहेत.

गेम इतके अवघड मुद्दाम का बनवले?

याचं मूळ नाण्यात आहे. १९७२ मध्ये अटारी कंपनीचं 'पाँग' मशीन आलं. एक चेंडू आणि दोन फळ्या, बस्स. अटारीचे एक संस्थापक नोलन बुशनेल यांचं सूत्र आजही गेम बनवणाऱ्यांना शिकवलं जातं: शिकायला सोपा, पण हातखंडा मिळवायला अवघड. पहिला डाव कुणालाही खेळता आला पाहिजे आणि शंभराव्या डावातही काहीतरी शिकायचं उरलं पाहिजे.

यामागे धंद्याचं गणित होतं. एका नाण्यावर गिऱ्हाईक अर्धा तास खेळत राहिलं, तर मालकाचं नुकसान. म्हणून डाव लवकर संपला पाहिजे. पण मशीनने फसवलं असं वाटलं, तर गिऱ्हाईक दुसरं नाणं टाकत नाही. म्हणजे डाव लवकर संपवायचा, पण 'चूक माझीच होती' असं खेळणाऱ्यालाही पटलं पाहिजे. अवघड आणि तरीही न्याय्य, ही आर्केडची खरी कसोटी होती. फोनवर नाणं उरलं नाही, पण ही घडण टिकून राहिली.

व्हिएतनाममधले डाँग न्यूयेन यांनी मे २०१३ मध्ये 'फ्लॅपी बर्ड' आणला. बोटाने टिचकी मारली की पक्षी वर उडतो, नाही मारली की खाली पडतो. हिरव्या पाइपांमधून तो न्यायचा, एवढाच खेळ. जानेवारी २०१४ मध्ये तो जगभरातल्या डाउनलोडच्या यादीत वर पोहोचला. त्यातल्या जाहिरातींमधून दिवसाला सुमारे ५० हजार डॉलर मिळत असल्याचं न्यूयेन यांनी सांगितलं होतं. तरीही ९ फेब्रुवारी २०१४ ला त्यांनी स्वतःच तो गेम काढून घेतला. तो दोन घटका विरंगुळ्यासाठी बनवला होता, पण लोकांना त्याचं व्यसन लागू लागलं, हे त्यांनी दिलेलं कारण होतं.

हरल्यावर राग येतो, तरी बोट पुन्हा का जातं?

पहिलं कारण म्हणजे चूक डोळ्यांना दिसते. पक्षी पाइपाला का धडकला? टिचकी उशिरा मारली म्हणून. यात कुणाला दोष देता येत नाही आणि संशयालाही जागा राहत नाही. रोजच्या आयुष्यात असं क्वचित घडतं. परीक्षेत गुण कमी का पडले, मुलाखतीत नाव का आलं नाही, द्राक्षाचा भाव का पडला, याची उत्तरं सहसा स्पष्ट मिळत नाहीत. गेममध्ये उत्तर त्याच क्षणी मिळतं.

दुसरं कारण म्हणजे पुन्हा सुरुवात करायला वेळ लागत नाही. हरणं आणि नवा डाव यांच्यात एखाद्या सेकंदाचंच अंतर असतं. चूक ताजी असतानाच ती सुधारायची संधी समोर येते. मध्ये वीस सेकंदांची जाहिरात घातली, की कितीतरी लोक तिथेच उठतात.

तिसरं कारण म्हणजे प्रगती आकड्यात दिसते. काल अकरा पाइप पार केले, आज चौदा. तुलना दुसऱ्याशी असो वा कालच्या स्वतःशी, आकडा खोटं बोलत नाही.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मते, माणूस आतून प्रेरित होतो तो तीन गरजा भागल्यावर: आपल्याला काहीतरी जमतंय ही भावना, आपण स्वतःच्या मर्जीने करतोय ही भावना आणि कुणाशी तरी जोडलेलं असणं. अवघड छोटे गेम यातली पहिली गरज थेट भागवतात. मित्रांच्या ग्रुपवर स्कोअरचा स्क्रीनशॉट पडला, की तिसरीही भागते.

मग राग कशाचा येतो? २०१४ मध्ये अँड्र्यू प्रिझबिल्स्की, रायन आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केले. गेममधल्या हिंसेपेक्षा, आपल्याला जमत नाही ही भावना आक्रमकतेला जास्त कारणीभूत ठरते, असं त्यांना आढळलं. नियंत्रणं मुद्दाम गैरसोयीची केली, की साध्या, रक्ताचा थेंबही नसलेल्या गेमवरही लोक चिडत होते. म्हणजे अवघड असणं ही अडचण नाही. प्रयत्न करूनही आपल्या हातात काही नाही असं वाटलं, की डोकं फिरतं.

'तंद्री लागणं' म्हणजे काय?

मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञांनी गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक, सर्जन अशा लोकांशी बोलून एक अवस्था मांडली. काम आणि कुवत यांची बरोबर सांगड बसली, की माणूस त्यात इतका बुडतो की वेळेचं भान राहत नाही. या अवस्थेला त्यांनी 'फ्लो' म्हटलं आणि १९९० मधल्या त्यांच्या पुस्तकानंतर हा शब्द सगळीकडे पोहोचला. मराठीत त्यासाठी 'तंद्री लागणं' आहे, भजनाच्या बैठकीत तेच 'ब्रह्मानंदी टाळी लागणं' होतं.

काम फार सोपं असेल तर कंटाळा येतो, फार अवघड असेल तर धास्ती वाटते. दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात तंद्री लागते. छोट्या आर्केड गेमची खुबी अशी, की खेळणारा सुधारत जातो तसा तो पुढच्या, आणखी वेगवान भागात पोहोचतो. टेट्रिसचे ठोकळे वेगाने पडू लागतात, सापाची शेपूट लांबते. कुणी न सांगता अवघडपणा त्याच्या कुवतीबरोबर वाढत राहतो.

सरावाने डोक्यात काय बदलतं?

टेट्रिस १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी बनवला. १९९२ मध्ये रिचर्ड हायर आणि सहकाऱ्यांनी टेट्रिस शिकणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले. काही आठवड्यांच्या सरावानंतर स्कोअर अनेक पटींनी वाढला, पण मेंदूतला ग्लुकोजचा वापर मात्र कमी झालेला दिसला. सायकल शिकताना जसं सुरुवातीला सगळं अंग ताठ होतं आणि नंतर गप्पा मारत चालवता येते, तसंच हे.

२०१४ मध्ये टॉम स्टॅफर्ड आणि मायकेल ड्युअर यांनी 'ॲक्सॉन' या अगदी साध्या ऑनलाइन गेमच्या साडेआठ लाखांहून जास्त खेळाडूंची माहिती तपासली. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. सारखेच डाव खेळूनही, मध्ये विश्रांती घेणाऱ्यांचे गुण सलग खेळणाऱ्यांपेक्षा चांगले होते. आणि सुरुवातीच्या डावांत ज्यांचे गुण खूप वरखाली होत होते, ते पुढे जास्त वर गेले. सुरुवातीला वेगवेगळ्या चाली करून बघणाऱ्यांना त्याचा नंतर फायदा झाला असावा, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

माणूस किती पुढे जाऊ शकतो याचं उदाहरण टेट्रिसमध्येच आहे. १९८९ च्या निन्टेन्डो आवृत्तीत २९ व्या पातळीला ठोकळे इतक्या वेगाने पडतात, की त्यापुढे माणसाला जाता येत नाही असं अनेक वर्षं मानलं जायचं. मग खेळाडूंनी बटण दाबण्याच्याच नव्या पद्धती शोधल्या. २१ डिसेंबर २०२३ ला अमेरिकेतला विलिस गिब्सन हा १३ वर्षांचा मुलगा १५७ व्या पातळीला पोहोचला आणि गेमच गोठला. हरला तो प्रोग्रॅम. त्याला त्यातून मिळालं काय, तर थांबलेला पडदा.

सातारा-सांगलीत याचं मैदानावरचं रूप कोणतं?

साधा नियम, लगेच मिळणारा निकाल आणि चुकीला माफी नाही, ही घडण मैदानी खेळातही आहे. त्याचं सगळ्यात नेमकं उदाहरण साताऱ्यात सापडतं.

कंपाउंड तिरंदाजीत लक्ष्य ५० मीटरवर असतं. मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास फक्त ८ सेंटीमीटर. एका सामन्यात १५ बाण, म्हणजे जास्तीत जास्त १५० गुण. तीच जागा, तोच धनुष्य, तीच हालचाल. बाण लागताक्षणी आकडा समोर.

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत सातारा जिल्ह्यातल्या शेरेवाडीच्या अदिती स्वामीने अंतिम फेरीत मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराला १४९-१४७ असं हरवलं. तेव्हा ती १७ वर्षांची होती. १४९ याचा अर्थ १५ बाणांपैकी १४ दहाच्या वर्तुळात आणि एकच नऊवर. त्याच दिवशी पुरुषांमध्ये ओजस देवतळेने पूर्ण १५० गुण घेत पोलंडच्या लुकाश प्रिझबिल्स्कीला एका गुणाने मागे टाकलं. ओजस मूळचा नागपूरचा, पण सरावासाठी तो साताऱ्यात आला होता. दोघांचेही प्रशिक्षक प्रवीण सावंत. त्यांची दृष्टी आर्चरी अकादमी साताऱ्यात उसाच्या शेतालगत उभी राहिली. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये रिकर्व्ह प्रकारात खेळलेला प्रवीण जाधवही याच जिल्ह्यातला, फलटण तालुक्यातल्या सरडेचा.

बाण नऊवर गेला, की धनुर्धराला कारण शोधता येतं. खांदा उचलला गेला, वाऱ्याचा अंदाज चुकला किंवा सोडताना हात थरथरला. पुढचा बाण ही त्या कारणाची दुरुस्ती असते. पाइपाला धडकलेला पक्षी आणि नऊवर गेलेला बाण यांच्यात निकालाचा फरक प्रचंड आहे, पण मनाचं यंत्र तेच चालतं.

सांगलीत हेच वेटलिफ्टिंगमध्ये दिसतं. स्नॅच आणि क्लीन अँड जर्क असे दोन प्रकार, प्रत्येकात तीन प्रयत्न, आणि निकाल किलोमध्ये. ३० जुलै २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात ११३ आणि १३५, असं एकूण २४८ किलो वजन उचललं. क्लीन अँड जर्कचे उरलेले दोन्ही प्रयत्न फसले, कोपराला दुखापत झाली. मलेशियाच्या अनिक कास्दानने २४९ किलो उचललं. एका किलोने सुवर्ण हुकलं, पण भारताचं त्या स्पर्धेतलं पहिलं पदक सांगलीच्या नावावर लागलं.

आपल्याकडे हे नवं नाही. तालमीत एकच डाव शेकडो वेळा घोटून घेतात. भोवरा हातावर झेलायला शिकणारं पोरही तो शंभर वेळा जमिनीवर पाडतं आणि दोरी पुन्हा गुंडाळतं.

मग जुगाराचं मशीन वेगळं कसं?

'थोडक्यात हुकलं' ही भावना फार ताकदीची आहे. २००९ मध्ये केंब्रिजचे ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी स्लॉट मशीनवर याचा अभ्यास केला. चित्रं जवळजवळ जुळली पण एकाने चुकली, की लोकांना वाईट वाटायचं, तरीही पुढचा डाव खेळायची इच्छा वाढायची. विशेषतः चित्र स्वतः निवडलेलं असेल तर. जिंकल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यांतले काही भाग अशा थोडक्यात हुकण्यानेही जागे झाले.

फरक इथे आहे. फ्लॅपी बर्डमध्ये थोडक्यात हुकण्यात माहिती असते: अजून जरा लवकर टिचकी मार. स्लॉट मशीनमध्ये ती काहीच नसते. पुढच्या वेळी चित्रं जुळतील की नाही, याचा मागच्या वेळेशी काडीचाही संबंध नसतो. मेंदू मात्र दोन्हीकडे एकच निरोप वाचतो, की आपण जवळ पोहोचलोय. धनुर्धराच्या बाबतीत तो निरोप खरा असतो, जुगारात खोटा.

राज्यात अनेक शहरांत व्हिडिओ गेम पार्लरच्या नावाखाली जुगाराची मशीन चालवल्याबद्दल पोलिसांनी छापे टाकल्याच्या बातम्या येत राहिल्या आहेत. दिसायला दोन्ही सारखेच: पडदा, बटण आणि रंगीत दिवे. तोच प्रकार पुढे मोबाईलवर आला.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, या कायद्याने बंद केले. असे गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे साधे गेम यांना मात्र मोकळीक आहे.

सवय आणि आजार यांत फरक काय?

मुलगा दिवसभर फोनवर असतो, एवढ्यावरून त्याला व्यसन लागलं असं डॉक्टर म्हणत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणाची जी नवी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात 'गेमिंग डिसऑर्डर'चा समावेश आहे. त्यासाठी तीन लक्षणं बघतात: खेळण्यावर ताबा न राहणं, इतर सगळ्या गोष्टींपेक्षा खेळाला महत्त्व मिळणं, आणि नुकसान होत असूनही ते चालू राहणं. घर, शाळा, नोकरी यांवर ठळक परिणाम व्हायला हवा आणि हे सहसा किमान १२ महिने दिसायला हवं. मदत हवी असेल तर केंद्र सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येतं.

एखादा गेम कोणत्या जातीचा, हे कसं ओळखायचं?

पालकांना किंवा स्वतः खेळणाऱ्याला चार प्रश्न पुरतात.

१. हरल्यावर 'काय चुकलं' हे सांगता येतं का? येत असेल तर खेळ काहीतरी शिकवतोय. 'नशीब नव्हतं' एवढंच उत्तर असेल तर नाही.

२. शंभर डावांनंतर हात सुधारला का? कौशल्याच्या खेळात आलेख वर जातो. नशिबाच्या खेळात तो फक्त वरखाली होतो.

३. पुढचा डाव खेळायला पैसे लागतात का? वाचलेलं आयुष्य विकत मिळत असेल, तर अवघडपणा कौशल्यासाठी ठेवलाय की खिशासाठी, ते तपासायला हवं.

४. मध्ये थांबता येतं का? विश्रांती घेतल्याने स्कोअर घटत नाही, उलट सुधारतो, हे साडेआठ लाख खेळाडूंच्या आकड्यांतून दिसलंय. थांबलात तर बक्षीस जाईल, असा धाक जो गेम दाखवतो, त्याला खेळणाऱ्याच्या सुधारण्यात रस नसतो.